स्पास्कच्या दगडांखाली कोण आहे? सोव्हिएत छावण्यांमधल्या कबरी आणि स्मारकांविषयी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमची मुलगी कझाकस्तानात कारागंदाला मेडिकलला आहे. तिला भेटायला गेलात तेव्हा तिच्या मित्रमंडळींनी तुम्हाला शहराबाहेर स्पास्कला नेलं. उघड्या माळावर जपान, जर्मनी, इटली, पोलंड अशा एकेका देशानं उभारलेले दगड आणि क्रूस दिसले, पण नाव असलेली कबर काही दिसली नाही. तुम्ही विचारलंय की या दगडांखाली खरंच माणसं पुरलेली आहेत का, असतील तर त्यांची नावं कुठे गेली, या छावण्यांत कुणी भारतीय होतं का, आणि पुढच्या खेपेला आणखी काय बघावं.

मी रशियन भाषेची दुभाषी आहे. अभ्यासगट आणि आजोबा-पणजोबांचा शोध घेत आलेली परदेशी कुटुंबं यांच्याबरोबर अशा जागी जाणं हा माझ्या कामाचा एक भाग. इतिहासकार नाही, पण जुन्या फायलींमधले मृत्यूचे पंचनामे लोकांना मोठ्यानं वाचून दाखवण्याचं काम बरंच केलंय. त्या अनुभवावरून लिहिते.

तुमच्या प्रश्नाची खरी मेख अशी आहे की स्मारक आणि दफनभूमी या दोन गोष्टी आपण एकच धरून चालतो. आपल्याला वाटतं, दगड आहे म्हणजे खाली कुणीतरी असणार. सोव्हिएत छावण्यांच्या बाबतीत हे कधी खरं असतं, कधी नसतं. रशियाच्या अतिपूर्वेला, कोलिमा भागातल्या मगादानला टेकडीवर एर्न्स्त नेइझ्वेस्त्नी या शिल्पकाराचा 15 मीटर उंचीचा ‘दुःखाचा मुखवटा’ आहे, 1996 मध्ये उभारलेला. कोलिमाच्या छावण्यांत मेलेल्यांसाठी आहे, पण त्याच्या पायाशी त्यांच्या कबरी नाहीत. मॉस्कोत गुप्त पोलिसांच्या मुख्यालयासमोरच्या लुब्यांका चौकात, जिथे सुरुवातीची छावणी होती त्या सोलोव्की बेटावरून आणलेला मोठा धोंडा 30 ऑक्टोबर 1990 ला ठेवला, तीही खूण आहे, कबर नव्हे. उलट मॉस्कोजवळच्या बुतोवोला, जिथे लोकांना गोळ्या घातल्या जायच्या, तुम्ही ज्या गवतावर उभे राहता, त्याच्याखाली प्रत्यक्ष माणसं आहेत. त्यामुळे अशा जागी पोचलं की मी आधी स्थानिक माणसाला विचारते, ही छावणीची दफनभूमी, गोळ्या घालण्याची जागा, की नुसती आठवणीची खूण? उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून असतं. मृतांची यादी कुठल्या खात्याकडे असेल, ती कितपत खरी असेल, जमिनीत काय सापडू शकेल, सगळंच.

स्पास्क ही खरी दफनभूमी आहे. तिथे माणसं पुरलेली आहेत. पण तिथे दोन निरनिराळ्या व्यवस्थांचे मृत आहेत, आणि तुम्ही पाहिलेल्या दगडांमागचं कोडं यातच आहे. 1941 पासून तिथे युद्धकैद्यांची 99 क्रमांकाची छावणी होती. जर्मन, रुमानियन, इटालियन, हंगेरियन आणि 1945 नंतर जपानी सैनिक. पुढे 1940 च्या दशकाच्या अखेरीला तिथेच राजकीय कैद्यांच्या विशेष छावणीचा एक विभाग आला, आणि काम करण्याची ताकद संपलेले, आजारी, अपंग कैदी दुसऱ्या ठिकाणांहून तिथे आणून टाकले जाऊ लागले. युद्धकैद्यांचा कारभार गुलागकडे, म्हणजे श्रमछावण्या चालवणाऱ्या खात्याकडे, नव्हता. एनकेव्हीडीमध्येच, म्हणजे गुप्त पोलीसही ज्याच्या हाताखाली होते त्या गृहखात्यातच, त्यांच्यासाठी वेगळं खातं होतं. मेलेल्या युद्धकैद्याची दफनभूमीतली जागा चौकट अमुक, कबर क्रमांक तमुक अशी नोंदवायची, नकाशा ठेवायचा, असा त्या खात्याचा नियम होता. तो सगळीकडे पाळला गेला असं नाही. पण कधीतरी दुसरं सरकार हिशेब मागणार, ही जाणीव त्यामागे होती. आणि मागितलाही. गोर्बाचेव्ह एप्रिल 1991 मध्ये जपानला गेले तेव्हा तिथे मेलेल्या जपानी युद्धकैद्यांच्या याद्या सोबत घेऊन गेले. जर्मनीची युद्धकबरींची देखभाल करणारी संस्था सोव्हिएत संघ मोडल्यापासून या मुलखात काम करते आहे.

आता त्याच माळावरचा राजकीय कैदी घ्या. तो सोव्हिएत नागरिक. त्याचा हिशेब मागणारं बाहेरचं कुणी नाही, आणि घरचे मागायला गेले तर त्यांनाच ‘लोकशत्रूचे नातेवाईक’ म्हणून ऐकून घ्यावं लागणार. पोलंड, लिथुआनिया यांनी सोव्हिएत पकडीतून सुटल्यावर आपल्या माणसांसाठी दगड उभारले. युक्रेनियन, कझाक, रशियन कैद्यांसाठीही खुणा आल्या. पण हे दगड देशांनी लावलेत, एकेका कुटुंबानं नव्हे. ते त्या माळावरच्या आपापल्या सर्व मृतांसाठी आहेत. जपानी दगडाच्या बरोबर खाली जपानी माणूसच असेल, असं समजू नका.

नावं कुठे गेली, यावर जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. लोकांना वाटतं, इतकी माणसं मेली, कुणी नोंदच ठेवली नसेल. नोंद ठेवली होती, आणि कागद बघताना अंगावर येतं ते हेच. कैदी मेला की छावणीचा डॉक्टर मृत्यूचा पंचनामा करायचा. बोटांचे ठसे घेऊन आधीच्या ठशांशी ताडून बघायचे, पळून गेलेला माणूस मेला म्हणून दाखवला जाऊ नये म्हणून. मृताच्या पायाला लाकडी बिल्ला बांधायचा, त्यावर त्याच्या फायलीचा क्रमांक. कबरीवर खुंटी ठोकायची, तिच्यावरही क्रमांक किंवा अक्षर-क्रमांक. नाव नाही. पुरण्याचा दाखलाही फायलीत लागायचा. घरच्यांना प्रेत द्यायचं नाही, कुठे पुरलं तेही सांगायचं नाही. युद्धाच्या वर्षांत तर पेटीशिवाय, कपड्यांशिवाय, एका खड्ड्यात अनेकांना पुरायला परवानगी होती. 1942 हे सगळ्यात वाईट वर्ष, त्या एका वर्षात छावण्यांमधल्या दर चार कैद्यांमागे जवळपास एक मेला.

म्हणजे नाव एका कपाटात आणि हाडं माळावर, आणि दोघांना जोडणारा दुवा म्हणजे ती लाकडी खुंटी. लाकूड किती वर्षं टिकणार? वोर्कुता, कोलिमा अशा रशियाच्या थंड टोकांच्या कायम गोठलेल्या जमिनीत वरचा थर दर हिवाळ्यात फुगतो आणि खुंट्या वर ढकलून देतो. वोर्कुताच्या 29 क्रमांकाच्या खाणीत 1 ऑगस्ट 1953 ला संपावर गेलेल्या कैद्यांवर गोळीबार झाला, पन्नासच्या वर माणसं मेली. ती जवळच्या युर-शोरच्या दफनभूमीत आहेत. तिथेही क्रमांकांच्याच खुंट्या होत्या. आजूबाजूला जी काही नावं आज दिसतात, ती नंतर, बहुतेक लिथुआनियन आणि युक्रेनियन सोबत्यांनी आणि नातेवाइकांनी लावलेली. नोरील्स्कला श्मिट डोंगराच्या पायथ्याची छावणीची दफनभूमी तर गाव आणि कारखाने वाढताना काही अंशी गिळलीच गेली. आज तिथे ‘नोरील्स्कची गोल्गोथा’ नावाचा स्मारकांचा समूह आहे.

पंचनाम्याविषयी तुमच्या मुलीला सांगा, तिला वाचता येईल. मृत्यूचं कारण म्हणून वारंवार येणारे शब्द म्हणजे हृदयाची दुर्बलता, पेलाग्रा, आणि ‘आहारजन्य डिस्ट्रॉफी’. तिला पेलाग्रा हा पाठ्यपुस्तकातला नायसिनच्या कमतरतेचा एक परिच्छेद म्हणून भेटला असेल. इथे एकाच आठवड्याच्या कागदांत तो ओळीनं येतो, एकाच डॉक्टरच्या अक्षरात, आणि तो डॉक्टरही पुष्कळदा कैदीच असायचा. उपासमार हा शब्द मी वाचलेल्या कागदांत नसतोच. शिवाय हेही लक्षात घ्या की मरणाच्या दारात पोचलेल्या कैद्यांना ‘कामास कायम अपात्र’ ठरवून छावणीतून सोडून देण्याची पद्धत होती. माणूस मग रेल्वे स्टेशनवर, गाडीत, नाहीतर जवळच्या एखाद्या खेड्यात मरायचा. छावणीच्या हिशेबात तो मृत नाही, सुटलेला. छावण्यांमधल्या मृतांचा कागदोपत्री आकडा दीड लाख-दोन लाख नव्हे, पंधरा लाखांच्या वर जातो, आणि असे ‘सुटलेले’ त्यात धरलेलेच नाहीत. 1930 ते 1953 या काळात छावण्या आणि कैद्यांच्या श्रमवसाहती मिळून सुमारे 1 कोटी 80 लाख माणसं या यंत्रणेतून गेली, त्या मानानं हा आकडा बघा.

गोळ्या घालून मारलेल्यांचं प्रकरण आणखी वेगळं. ऑगस्ट 1937 ते नोव्हेंबर 1938 या स्टालिनच्या महाभयाच्या काळात 6 लाख 80 हजारांहून अधिक लोकांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांना पुरायचं तर खुंटीसुद्धा नाही, कारण ती जागाच गुप्त. घरच्यांना सांगितलं जायचं, ‘दहा वर्षं, पत्रव्यवहाराचा हक्क नाही.’ दहा वर्षं सरल्यावर लोक पुन्हा विचारायला लागले. मग 1955 मध्ये केजीबीनं ठरवून दिलं की अशा कुटुंबांना मृत्यूचा दाखला द्यायचा, पण त्यावर तारीख आणि कारण बनावट. म्हणजे 1937 मध्ये गोळी घातलेला माणूस दाखल्यावर 1943 मध्ये न्यूमोनियानं मेलेला. हा प्रकार 1960 च्या दशकापर्यंत चालला, आणि खरी तारीख आणि खरं कारण दोन्ही रीतसर मिळायला 1989 उजाडलं. माझ्याकडे एकाच माणसाचे दोन दाखले घेऊन कुटुंबं येतात ती यामुळे. दोन्हींवर शिक्का खरा असतो. अशा वेळी मी नंतरचा दाखला धरते, आणि पहिल्यावरची छावणी शोधायला कुणी निघालं असेल तर थांबवते, कारण तो माणूस त्या छावणीत कधी पोचलेलाच नसतो.

मग अशा गुप्त जागा सापडल्या कशा, हेही थोडं सांगते, कारण तुम्ही ‘खोदून का बघत नाहीत’ असं लिहिलंय. रशियाच्या वायव्येला करेलियातलं सांदरमोख बघा. सोलोव्कीच्या तुरुंगातले 1,111 कैदी 1937 च्या शरद ऋतूत बोटीनं नेले गेले आणि पुढे बेपत्ता झाले. संशोधकांना आधी फर्मानं आणि याद्या मिळाल्या. नंतर ज्या अधिकाऱ्यानं ही कामगिरी पार पाडली, त्या मात्वेयेव्हची 1939 मधली जबानी मिळाली, तो स्वतःच तेव्हा चौकशीत अडकला होता. जबानीत जागेचा अंदाज होता, मेद्वेझ्येगोर्स्क गावाबाहेर. वेनियामिन इओफे, इरिना फ्लिगे आणि युरी दमित्रियेव 1 जुलै 1997 ला तिथल्या पाइनच्या रानात उतरले. त्यांना दिसले ते चौकोनी खळगे. पुरलेलं शरीर कुजलं की वरची माती बसते, आणि रानात आपोआप असे सरळ कडांचे खळगे पडत नाहीत. थोडं खणलं तर कवट्या, मागून गोळीचं भोक. असे दोनशेच्या वर खड्डे निघाले. बुतोवोला त्याच वर्षी एका चराचा फक्त 12 चौरस मीटर तुकडा उघडला, त्यात पाच थरांत 149 माणसं मिळाली. तिथे नंतर आणखी खणलं नाही, चर तसेच ठेवून वर मातीचे उंचवटे केले. आपण कुणाचंतरी शरीर पुन्हा पुन्हा उकरतोय, ही भावना तिथल्या चर्चमध्ये आणि कुटुंबांतही आहे. शिवाय एका खड्ड्यात शंभर माणसं असताना डीएनए जुळवून नावं लावायची तर हयात नातेवाईक हवेत, पैसा हवा आणि सरकारची इच्छा हवी. तिन्ही एकत्र आलेलं मी तरी क्वचितच पाहिलंय.

म्हणून कबरीला नाव नाही, तर नावं वेगळी लिहायची, असा मार्ग निघाला. बुतोवोला 2017 मध्ये ग्रॅनाइटच्या लांब भिंती उभारल्या, 20,762 नावं, गोळी घातल्याच्या तारखेनुसार. चालत गेलं की 8 ऑगस्ट 1937 पासून एकेक दिवस मागे पडत जातो, काही तारखा दोन पावलांत संपतात, काही संपता संपत नाहीत. लेनिनग्राडजवळच्या लेवाशोवोच्या रानात लोकांनी सरकारची वाट न बघता झाडांनाच फोटो बांधले, बुंध्याला तार गुंडाळून. अमुक झाड आपल्या माणसाच्या वर आहे असं तिथे कुणी मानत नाही, पण फोटो बदलायला दर वर्षी त्याच झाडाकडे जातात.

भिंतीवरची नावं वाचताना एक काळजी घ्या. अस्तानाजवळ अक्मोल गावी आल्झिरचं स्मारक आहे, ‘देशद्रोह्यांच्या बायकां’साठीच्या छावणीचं, 2007 मध्ये उघडलेलं. तिथल्या काळ्या भिंतीवर सात हजारांहून अधिक बायकांची नावं आहेत. आपले लोक ते बघून ‘एवढ्या बायका इथे मेल्या’ असं म्हणतात. तसं नाही. ती तिथे कैदेत असलेल्यांची यादी आहे, आणि त्यातल्या बहुतेक जिवंत बाहेर पडल्या. बुतोवोची यादी मारलेल्यांची, आल्झिरची डांबलेल्यांची. मॉस्कोजवळच्या कम्युनार्कालाही 2018 मध्ये 6,609 नावांची भिंत झाली तेव्हा वाद झाला, कारण त्यात आधी दुसऱ्यांना गोळ्या घालायला लावून नंतर स्वतः गोळीला बळी पडलेलेही आहेत. खड्डा एकच असल्यामुळे नावं वेगळी काढायची कशी, असं भिंत करणाऱ्यांचं म्हणणं. मला ते पटतं, पण ज्यांच्या घरातला माणूस त्याच अधिकाऱ्याच्या सहीनं गेला, त्यांना ते पटत नाही, आणि त्यांना मी समजावायला जात नाही.

आतापर्यंतचं थोडक्यात: स्पास्कला माणसं आहेत, दगड देशांचे आहेत, युद्धकैद्यांची नावं त्या त्या देशांच्या याद्यांत मिळण्याची शक्यता जास्त, राजकीय कैद्यांची छावणीच्या फायलींत आणि कार्डांत, आणि कुठली कबर कुणाची हे जवळपास कधीच कळत नाही.

आता भारतीयांबद्दल. कारागंदाच्या छावण्यांत कुणी भारतीय होता, असा कागद माझ्या पाहण्यात नाही. पण सोव्हिएत दडपशाहीत मारले गेलेले भारतीय होते. सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय लेनिनग्राडमध्ये मानववंशशास्त्राच्या संस्थेत काम करत होते, त्यांना 2 सप्टेंबर 1937 ला गोळी घातली. क्रांतिकारक अवनी मुखर्जींना त्याच वर्षी ऑक्टोबरात, गुलाम अंबिया खान लुहानींना 1938 मध्ये. म्हणजे हे तिघं श्रमछावणीचे नव्हे, गोळी घातलेल्यांच्या गटातले. आपल्याशी जवळचा धागा असा, की 1921 मध्ये चट्टोपाध्यायांच्या पुढाकारानं बर्लिनहून मॉस्कोला गेलेल्या भारतीय क्रांतिकारकांच्या गटात लुहानी होते, तसे आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही होते. मॉस्कोत त्यांचं काही जमलं नाही. खानखोजे पुढे मेक्सिकोला गेले, शेतीशास्त्रज्ञ झाले आणि स्वातंत्र्यानंतर नागपूरला परतले. मॉस्कोत मन रमलं असतं तर 1937 मध्ये काय झालं असतं, याचा अंदाज चट्टोपाध्याय आणि लुहानी यांच्यावरून बांधा.

पुढच्या खेपेविषयी. कारागंदाहून दोलिंका जवळ आहे, तासाभराच्या आतबाहेर. कारलागचं, म्हणजे तिथल्या छावणीसमूहाचं, मुख्य कार्यालय तिथे होतं, त्याच खांबांच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. तळघरात कोठड्यांचे देखावे केलेत, ते थोडे नाटकी आहेत. माझ्या मते वरच्या मजल्यावरची कागदपत्रं आणि नकाशे जास्त वेळ देऊन बघा. गावाबाहेर ‘आयांची दफनभूमी’ म्हणतात ती जागा आहे, कैदी बायकांना छावणीत झालेली बाळं तिथे पुरलेली. छोटे उंचवटे, काही लोखंडी क्रूस, आणि लोकांनी ठेवलेली खेळणी. वाट विचारत जावं लागतं, संग्रहालयातच विचारून घ्या. तुम्ही लिहिलंय की नातवंडं सोबत असतील. लहान मुलांना तिथे न्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी माझ्या गटांना आधी सांगते आणि ज्याला नको तो गाडीत थांबतो.

जमलं तर 31 मेच्या सुमाराला जा. कझाकस्तानात तो दडपशाहीच्या आणि दुष्काळाच्या बळींचा स्मृतिदिन असतो, स्पास्कलाही लोक येतात, आणि वकिलातींची माणसंही. रशियात हा दिवस 30 ऑक्टोबरला पाळतात. पण तिकडचं वातावरण बदललंय. दडपशाहीच्या बळींची माहिती गोळा करणारी ‘मेमोरियल’ संस्था 2021 च्या अखेरीला बंद करवली गेली, सांदरमोख शोधणारे दमित्रियेव वादग्रस्त खटल्यात पंधरा वर्षांची शिक्षा भोगताहेत, मॉस्कोचं गुलाग संग्रहालय नोव्हेंबर 2024 मध्ये अग्निसुरक्षेचं कारण देऊन बंद केलं, आणि पोलिश-लिथुआनियन स्मारकं काही ठिकाणांहून नाहीशी झाली. कझाकस्तानात फिरणं त्या मानानं सोपं आहे.

फुलं न्यायची असतील तर लाल कार्नेशन न्या, ती तिथे सगळीकडे मिळतात, आणि संख्या सम ठेवा. चार, सहा, कितीही, पण सम. तिकडे विषम संख्या जिवंत माणसासाठी आणि सम मृतासाठी. आपण सवयीनं पाच किंवा अकरा मागतो आणि फुलवाली वाढदिवसाचा गुच्छ बांधायला घेते. ‘कबरीसाठी’ एवढं मुलीला रशियनमध्ये सांगायला सांगा, म्हणजे ती चमकदार कागदही गुंडाळणार नाही. मेमध्येसुद्धा स्पास्कच्या माळावर वारा बोचतो, तेव्हा जाड जॅकेट बरोबर असू द्या.